दीड वाक्याचा सुभेदार

आमच्या पॅकिंग खात्यात रजा मागायची कारणं ठरलेली होती. कुणाची आजी जायची, कुणाची म्हैस व्यायची, कुणाला नुसताच ताप यायचा. हा एकच माणूस साहेबांच्या टेबलापुढे उभा राहून शांतपणे सांगायचा, "साहेब, उद्या मला मरायचंय. परवा कामावर येतो." साहेब नवे होते तेव्हा पहिल्यांदा हे ऐकून खुर्चीतून उठले होते म्हणे. पुढे त्यांनाही सवय झाली. ते फक्त विचारायचे, "तलवारीनं की आजारानं?" तलवारीनं मरायचं असलं तर एक दिवस पुरायचा. आजारानं मरायला दोन दिवस लागत, कारण मधे नायिकेला रडायला वेळ द्यावा लागे.

हे मरणारे गृहस्थ सिनेमात काम करायचे. उरलेल्या दिवसांत माझ्यासारखीच बाटल्यांना लेबलं लावायचे. पिंपरीत औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला होता. भोवती सगळी ज्वारीची शेतं, मधे हा एवढा मोठा पांढरा कारखाना, आणि भोंगा झाला की शेतातली माणसं विळा खाली ठेवून तिकडे बघत राहायची. मी चिंचवड गावातून चालत जायचे. माझं लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी नवरा गेला. सासरच्यांनी मला आणि माझ्या ट्रंकेला एकाच बैलगाडीत बसवून खेडला आईकडे पोचवलं. तिथं रडून झाल्यावर मी आईला घेऊन इकडे आले आणि नोकरी धरली. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कशासाठी एवढी चिडले ते कळेल.

ते आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. वय असेल बत्तीस-तेहतीस. लग्न केलं नव्हतं. आम्ही दोघं एकाच खात्यात आणि एकाच चाळीत, तेव्हा लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही, आणि त्यांना तर ते ऐकूच आलं नसावं. चाळीत आणि कारखान्यात सगळे त्यांना 'सिनेमावाले' म्हणायचे. मीही तेच म्हणते.

मान उंच, नाक सरळ, आणि गळ्याभोवती भर वैशाखातसुद्धा मफलर. गळ्याला जपायचं म्हणून ते काय काय करायचे, ते बघून माझी आई कपाळाला हात लावायची. चिंच नाही, दही नाही, तळलेलं नाही. माठाचं पाणी नाही, पाणी कोमटच पाहिजे. आणि वाऱ्यात तोंड उघडायचं नाही, हे मात्र अगदी कडक. सायकलवरून कामावर जायचे तेव्हा वाटेत कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायचे, आणि वाटेतल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं गेटावर पोचल्यावर ओळीनं द्यायचे. भोसरीचा एक फिटर रोज 'काय, जेवलात का' म्हणत शेजारून पुढे निघून जायचा. त्याला बिचाऱ्याला उत्तराची काही पडलेली नसायची. तरी हे त्याच्या खात्यात शोधत जाऊन, "हो, जेवलो," असं सांगून यायचे.

ओरडणं तर त्यांच्या शास्त्रातच नव्हतं. लांबच्या माणसाला बोलवायचं तर टाळी वाजवायचे. एकदा चाळीच्या न्हाणीत साप निघाला. आम्ही बायका किंचाळतोय, पुरुष काठ्या शोधतायत, आणि हे जिन्यावर उभे राहून टाळ्या वाजवतायत. सापाला वाटलं असेल, आपलं काहीतरी चांगलं झालं.

बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं सोडून तोंडाकडे बघायचे. माझ्या आईला ते मुळीच खपत नसे. "ह्या माणसाला माझे दात मोजायचेत का गं?" असं ती त्यांच्यादेखत विचारायची. ते म्हणायचे, "आई, तुम्ही 'म' म्हणताना ओठ फार छान मिटता." 

ही तोंडाकडे बघायची खोड त्यांना लहानपणीच लागली होती. बोलपट नुकते सुरू झाले होते. एका कंपनीत बाळदेवाचं काम मालकांच्या भाच्याला दिलेलं होतं. मुलगा दिसायला लोण्याचा गोळा, पण तोंड उघडलं की पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. तेव्हा आवाज मागाहून घालायची सोय नव्हती, जे काय बोलायचं ते तिथल्या तिथं. कंपनीतल्या सुताराचा हा मुलगा तिथंच लाकडाच्या ढलप्यांत खेळायचा. त्याचा आवाज कुणीतरी ऐकला आणि त्याला खोट्या तुळशीवृंदावनामागे उकिडवं बसवलं. पुढे तो गोरा मुलगा ओठ हलवायचा, मागून हा बोलायचा. दोन बोटांएवढ्या फटीतून त्या मुलाचं तोंड दिसायचं, आणि त्याकडे बघत बघत बोलायचं. सिनेमावाले म्हणायचे, "माझं पहिलं काम ते. आख्ख्या चित्रात मी आहे आणि कुठंच नाही."

त्यात एकदा असं झालं की गोऱ्या मुलाला दुपारची पेंग आली. ओठ हलवायचे तो विसरला, आणि मागून ह्यांनी आपलं वाक्य बोलून टाकलं. पुन्हा घ्यायचं तर फिल्म वाया जाणार, म्हणून दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं. चित्र तंबूंतून गावोगाव गेलं. त्या जागेला लोक उठून उभे राहायला लागले, नारळ फुटायला लागले. का, तर देव ओठ न हलवता बोलला. मालकांनी मग जाहिरातीतच तसं छापलं. मी हसले तर सिनेमावाले गंभीरपणे म्हणाले, "हसू नका. नारळ माझ्या आवाजाला फुटले, पण खोबरं त्या भाच्यानं खाल्लं."

तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटला. कंपनीनं सांगितलं, आता तुझं काम नाही. हे मात्र आवाज गेला असं मानायलाच तयार नव्हते. जाडा आवाज आला तो आला, त्याच्यामागे जुना जपून ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. रोज सकाळी दार लावून ते त्या आवाजात थोडा वेळ बोलायचे. काय बोलायचे ते भिंतीपलीकडे कळत नसे, पण चार-पाच वर्षांचं पोर बोलतंय यात शंका घ्यायला जागा नसायची. चाळीत नवीन बिऱ्हाड आलं. त्यातली बाई दुसऱ्या दिवशी वाटीभर खीर घेऊन त्यांच्या दारात गेली. म्हणाली, "तुमच्या बाळासाठी आणलीय, आईवेगळं दिसतंय." ह्यांनी वाटी घेतली, आभार मानले आणि खीर खाल्ली. मी नंतर झापलं तर म्हणाले, "काम त्यानंच केलं होतं. खीर त्याचीच."

पडद्यावर स्वतः दिसायला लागले ते विशीत. भूमिकेचं नाव त्यांना कधी लक्षात राहायचं नाही. वाक्यं लक्षात राहायची. चार वाक्यांचा वैद्य. दोन वाक्यांचा कोतवाल. एका वाक्याचा भिक्षेकरी, तेही पाठमोरा. आणि दीड वाक्याचा सुभेदार. ह्या सुभेदाराचं पहिलं वाक्य होतं, 'किल्ला मी देणार नाही.' दुसरं सुरू व्हायचं, 'आधी माझ्या...' आणि तेवढ्यात बाण यायचा. त्या दीड वाक्यासाठी हा माणूस दोन महिने घोकत होता. मी म्हटलं, अहो, पुढचं तर म्हणायचंच नाही, मग पाठ कशाला करताय? तर म्हणाले, "अर्धं म्हणायला सगळं पोटात लागतं. नाहीतर प्रेक्षकाला कळतं की ह्याला बाण येणार हे ठाऊक होतं."

चाकणला चक्रेश्वराच्या जत्रेत तंबूत ते चित्र आलं तेव्हा आमचं आख्खं खातं बघायला गेलं होतं. सुभेदार पडद्यावर आला आणि आमच्या लोकांनी एवढ्या टाळ्या पिटल्या की पहिलं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. टाळ्या थांबेपर्यंत बाण लागला. परत येताना सगळे मान खाली घालून चालत होते. हे म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या असंच मी धरतो."

त्याच जत्रेत आणखी एक उपद्व्याप झाला. आमच्यातल्या कुणीतरी फुशारकी मारली की तो ओठ न हलवता बोलणारा बाळदेव, त्याचा आवाज म्हणजे हे. ते ऐकून एक बाई आपलं तीन वर्षांचं पोर घेऊन पुढे आली. पोर अजून बोलत नव्हतं. "देवाचा आवाज तुमचा, ह्याला एवढं बोलतं करा," म्हणून तिनं ते पोर ह्यांच्या पायावर घातलं. ह्यांना काय करावं कळेना. ते खाली वाकले आणि त्या जुन्या आवाजात म्हणाले, "बोल की रे." पोर खुदकन हसलं. आणि पुढच्या आठवड्यात त्या पोरानं पाणी मागितलं. झालं मग. चाकणकडची माणसं उशिरा बोलणारी पोरं घेऊन आमच्या चाळीत यायला लागली. कुणी वांगी आणायचं, कुणी कांद्याची माळ. चाळीला दोन वर्षं कांदा विकत घ्यावा लागला नाही.

मला हे पटत नव्हतं आणि मी ते तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मी काही करत नाही, फक्त बोलतो. पोर आपल्या वेळेला बोलतं. आई मात्र आज रात्री झोपते." पुन्हा वर, "आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून माझ्या तोंडानं बोलतो. यात फसवणूक कुठली?"

माझ्या तोंडानं, हे त्यांचं पालुपद होतं. एकदा चाळीपुढे मोटार येऊन थांबली. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस उतरला. त्यांनी नवा नायक घेतला होता. देखणा होता, पण त्याचं मराठी ऐकवत नव्हतं. आता आवाज मागाहून घालायची सोय झाली होती. सिनेमावाल्यांनी नायकाचं सगळं बोलणं बोलायचं, आणि पुढच्या चित्रात नायकाच्या भावाचं काम नक्की. बोलणं आमच्या दारातच चाललं होतं, मी जोंधळे निवडत ऐकत होते. ह्यांनी त्या माणसाला चहा पाजला, खुर्ची दिली, आणि सांगितलं, "नाही जमणार." मोटार गेली. मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुमचं? नायकाचा भाऊ म्हणजे निदान शेवटपर्यंत जगला असता.

तेव्हा ते पहिल्यांदा आईबद्दल बोलले. ते बाळदेवाचं चित्र लागलं तेव्हा त्यांची आई रोज तंबूत जाऊन बसायची. आवाज आपल्या पोराचा, तोंड दुसऱ्याच्या पोराचं. ती डोळे मिटून ऐकायची. तिला लोक म्हणायचे, अगं, झोपायला येतेस का? सुभेदार, वैद्य वगैरे व्हायच्या आत ती गेली. "जाईपर्यंत म्हणत होती, तुला मी पडद्यावर कधी बघितलंच नाही. आता मी दुसऱ्याच्या तोंडात बोलणार नाही. अर्धं वाक्य मिळू दे, पण माझ्या तोंडानं." एवढं सांगून त्यांनी कपबशी विसळून ठेवली. नंतर बरेच दिवस त्यांना कुठून बोलावणं आलं नाही. कंपन्या एकमेकींना सांगतात. एक अख्खं वर्ष साहेबांना 'तलवारीनं की आजारानं' विचारायची वेळ आली नाही, आणि ते मुकाट्यानं लेबलं लावत राहिले.

पुढे दिवस पालटले. कोल्हापूरच्या कंपन्यांनी बोलावलं. दोन पानांचे सावकार झाले, तीन पानांचे वकील झाले. एकदा नायिकेचा बाप होऊन चक्क शेवटपर्यंत जिवंत राहिले. त्या वेळी साहेबांपुढे जाऊन उभे राहिले तर रजेला कारणच सुचेना. शेवटी म्हणाले, "मुलीचं लग्न आहे." मग नोकरी सोडली, चिंचवड सोडलं. त्यांचं नाव पडद्यावर सगळ्यांच्या बरोबर एका पाटीवर यायचं, मी ते शोधून वाचायचे. वयानुसार गेलेही. पण मला ते सावकार आणि वकील आठवत नाहीत. मला आठवते ती चाकणच्या अलीकडची एक पडवी.

माझी मावसबहीण त्या गावात दिलेली होती. घर कांदा-बटाट्याचं, खाऊन-पिऊन सुखी. तिला एकच मुलगा, चार वर्षांचा. डोळे एवढे मोठे आणि तरतरीत की बघत राहावं. पण तोंडातून शब्द नाही. ती त्याला घेऊन माझ्याकडे आली, आणि सिनेमावाल्यांचा लौकिक तिच्याही कानावर गेलेला होता. ह्यांनी नेहमीसारखं समोर बसून, "बोल की रे," म्हटलं. पोर त्यांच्या तोंडाकडे बघून हसलं. मग ते उठले, पोराच्या मागे गेले आणि टाळी वाजवली. पोर वळलं नाही. पुन्हा वाजवली. आतून माझी परात आणून तिच्यावर उलथनं आपटलं, तरी पोर आपलं समोरच्या मांजराकडे बघतंय.

"बाई," ते माझ्या बहिणीला म्हणाले, "ह्याला ऐकू येत नाही."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "पुण्याला दावलं, घरात कुनाला न सांगता. जन्माचं हाय म्हनले."

"मग माझ्याकडे कशाला आणलंत?"

तेव्हा तिनं सांगितलं. आमचा एक मामा मुका होता. सासऱ्यांनी त्यावरून धरलं होतं की हा मुका वाण सुनेच्या माहेरचा. जत्रेत चार माणसांच्या देखत ते बोलून बसले होते, औंदा पोरगं बोललं न्हाई तर हिला माहेरी घालवणार. सासरे शब्दाला पक्के, आणि तिचा नवरा बापापुढे मान वर न करणारा. पोराला ते ठेवून घेणार होते, वंशाचा म्हणून. कायद्यानं दुसरी बायको बंद झाली होती, पण बायकोला माहेरी पाठवायला कायदा लागत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

"तुमी त्याच्या मागं उबं ऱ्हावा," ती म्हणाली. "तेवढं एकदा आबा म्हना. त्याच्या तोंडातनं आल्यावानी. समद्यांनी ऐकलं की मामंजींचा शबूद ऱ्हाईल आन् मी बी ऱ्हाईन."

ते नाही म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण नाही म्हणाले. तिनं पदरानं तोंड पुसलं. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, "तुमचं व्रत तुमच्या जागी. ते मोटारीतले लोक होते, त्यांना नाही म्हणालात, मी एका शब्दानं टोकलं का नंतर? पण ही बाई उद्या माझ्यासारखी ट्रंकेशेजारी बसून येईल. आणि माझं निदान मागं काही राहिलं नव्हतं. हिचं पोर तिथं राहील, आणि त्याला साधी हाकसुद्धा मारता येणार नाही आईच्या नावानं." एवढं बोलून मी दार लावून घेतलं. मला रडू येत होतं आणि ते त्यांच्यापुढे यायला नको होतं.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लेबलं लावता लावता मान वर न करता म्हणाले, "त्या मुलाला ओठ हलवायला शिकवावं लागेल."

बहीण आठवडाभर माझ्याकडे राहिली. पोर ऐकत नव्हतं, पण बघण्यात वस्ताद होतं. आईनं तोंड उघडलं की उघडायचं, मिटलं की मिटायचं, असा खेळ ह्यांनी लावून दिला. शब्द आबाच ठेवला. आजोबा नको, लांब आहे, चुकायला जागा जास्त. आबाला एकदाच ओठ मिटतात. "तुम्ही घाई करू नका," ते बहिणीला सांगायचे. "ओठ त्याचे. मी त्यांच्या मागून येतो." संध्याकाळी कामावरून आलं की हाच कारखाना. पोराला एवढी मौज वाटायची की ते झोपेतसुद्धा तोंड उघडमीट करायचं. माझ्या आईला सगळं पसंत नव्हतं, पण तिनंही कुठं तोंड उघडलं नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्ही नाशिक फाट्यावरून एस.टी. धरली. वाटेत हे एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी ते वाऱ्यामुळे नव्हतं, हे मला कळत होतं.

सासरे पडवीत घोंगडीवर बसले होते. अंगानं मोठा माणूस, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. एका बाजूला कांदे पसरलेले, दुसऱ्या बाजूला भावकीतली आणि शेजारची माणसं. सासरे जत्रेत त्यांच्याच देखत बोलले होते, म्हणून त्यांनाच बोलावलं होतं. बहिणीचा नवरा खांबाला टेकून उभा. म्हातारा म्हणाला, "सिनेमावालं आलं का? उनाचं आलासा. पानी घ्या." पाणी झालं. 

ह्यांनी पोराला म्हाताऱ्यापासून चार हातांवर उभं केलं आणि स्वतः त्याच्या मागे उभे राहिले. बहीण समोर, म्हाताऱ्याच्या पाठीशी, भिंतीला. तिनं पोराकडे बघून हळूच तोंड उघडलं. पोरानं उघडलं. तिनं मिटलं, पोरानं मिटलं.

"आबा."

मला सगळं माहीत होतं, आठवडाभर मी तेच बघत होते, तरी मी पोराच्याच तोंडाकडे बघत राहिले. ते पोरच बोललं. ह्यांनी मफलर तोंडावर ओढला होता, ओठ हललेले मला दिसले नाहीत. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. शेजारणीनं पुढे होऊन पोरावरून हात ओवाळून बोटं मोडली. बहिणीचा नवरा खांबाशीच खाली बसला आणि रडायला लागला. पाच-पंचवीस माणसांनी डोळ्यांनी बघितलं होतं. ते पुढे शपथेवर सांगायला तयार होते.

सासऱ्यांनी हात वर केला. मग म्हणाला, "ऐकलं म्या. गावानं बी ऐकलं न्हवं? मग झालं. आता जावा समदी, पोराला दिष्ट लागंल." मग मुलाला सांगितलं, "तू रडत काय बसलास? घरोघर गूळ वाट जा." माणसं निघाली. नवरा गेला. आम्हीही उठलो, तर म्हातारा म्हणाला, "सिनेमावालं थांबा. सुनंची बहीण थांब. सूनबाई, पोराला घिऊन हितंच ऱ्हा."

पडवी रिकामी झाली. म्हाताऱ्यानं विचारलं, "सिनेमावालं, तुमी उबं हुतासा न्हवं?"

"हो."

"वाटलंच मला. पोरगं माज्या मांडीएवढं हाय. आवाज वरनं आला, उब्या मानसाच्या उंचीवरनं. त्या समद्यांस्नी डोळं हायेत, त्यांनी तोंड बघितलं. मला दिसत न्हाई, म्हून कळलं."

 बहीण भिंतीला धरून खाली बसली. इतक्या वर्षांत फक्त तोंडाकडे बघणाऱ्यांना फसवायचं शिकलेला माणूस, न बघणारा समोर असला तर काय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते पुढे झाले आणि म्हणाले, "आबा, ही कल्पना माझी. ह्या बाईंची चूक नाही."

"चूक कुनाची म्हून म्या इचारलं का?" म्हातारा म्हणाला. "पोर ऐकत न्हाई, हे मला चार म्हैनं ठावं हाय. बैल सुटला तवा म्या वरडत हुतो, बाजूला हो, बाजूला हो. डोळ्यांनी दिसंना, पोराचं पाय हललेलं ऐकू यीना. गड्यानं उचललं म्हून वाचलं. तवाच समजलं. पर त्या आदीच म्या मूर्खानं जत्रंत बोलून ठिवलं हुतं. चार मानसांत बोललं की ते गिळता यीत न्हाई. आता तुमी मला त्यातनं सोडीवलं." मग सुनेच्या दिशेला तोंड केलं. "रडू नगंस. ऊठ. भाकरी टाक, पाव्हणी उपाशी जायाची न्हाईत ह्या घरातनं. आन् उद्यापासनं माजं दूध तूच काढून दी, ह्या गड्यांस्नी धार कळत न्हाई."

बहीण उठली. चुलीकडे जाताना तिचा पाय उंबऱ्याला लागला, ती धडपडली, आणि तशीच आत गेली.  सिनेमावाले जायला वळले.

"थांबा," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "आजून एकदा म्हना. आता कुनी न्हाई हितं. पर बसून म्हना. पोराच्या तोंडाजवळनं."

मला वाटलं, हे आता नाही म्हणणार. गावाचं काम झालं होतं, बहीण चुलीपाशी पोचली होती, आता कुणाला फसवायचंही उरलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघितलं. मग ते कांद्यांच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले, पोराला मांडीवर घेतलं, आणि त्याच्या गालाला गाल लावून म्हणाले, "आबा."

"ओ," म्हातारा म्हणाला.